बापाचं नाव नसलेला फाँट

जगातलं प्रत्येक संकट बाहेरून येतं. घरात तयार झालेलं संकटसुद्धा आधी बाहेर जातं, हातपाय धुतं आणि पाहुण्यासारखं परत येतं. अंबडच्या एका शाळेला हे सत्य २००३ साली उमगलं. शाळेच्या एकुलत्या एक इंटरनेटवाल्या संगणकात कुठूनसा प्रोग्राम उतरला आणि पडद्यावर वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात घटकेघटकेला झळकू लागली. मुख्याध्यापक अप्पाराव सरांनी ते मनाला लावून घेतलं. (सरांच्या वजनाचा इथं संबंध नाही. खुर्ची त्याआधीच बदलली होती.)

मग ब्राउझरची सुरक्षा सरांनी स्वतःच्या ताब्यात घेतली. तिथं प्रत्येक गोष्टीपुढं तीन पर्याय असतात: चालू, बंद आणि विचारा. चार मुली उजवलेल्या सरांना हे सांगावं लागलं नाही. डाउनलोड म्हणजे आलेलं स्थळ! बनवणाऱ्याचं नाव असेल तर विचारपूस करायची, नसेल तर दारातूनच रामराम. धोरण शंभर टक्के यशस्वी झालं. महिनाभर संगणकात काहीही उतरलं नाही, शिक्षण धरून. (चपला बाहेर काढायचा नियम जुनाच होता. विषाणू तळव्याला चिकटून येतात, असं सरांचं मत.)

पंचाईत झाली ती दहावीतल्या बेबीनंदाची. मुलांच्या एका मराठी वेबसाइटवर तिचा निबंध निवडून आला होता, आणि तिचे वडील बद्रीनाथ म्हणाले होते, "खरंच छापून आलं असंल तर दाखव. मंग सायन्सला जालन्याला धाडतो. न्हाईतर शिवणक्लास हायेच."

शुक्रवारी बद्रीनाथ आले, चपला काढून संगणकापुढं मांडी घालून बसले. (खुर्चीवरच.) पान उघडलं, पण मराठी गायब! तिथं डोक्यावर टिंबं आणि बुडाला शेपट्या असलेली इंग्रजी अक्षरं दाटीवाटीनं उभी. त्या साइटचा मराठी फाँट उतरवल्याशिवाय वाचता येणार नव्हतं. बेबीनंदानं उतरवायला घेतला, तर ब्राउझरनं कळवलं: बनवणारा अज्ञात, प्रवेश बंद.

"सर, एवढ्यापुरतं चालू करा ना! नुसती अक्षरं आहेत, आपलीच, मराठी!"

"ज्याच्या बापाचं नाव नाही, त्याला आपण शाळेत घेत नसतो, बेबीनंदा."

"सर, माझ्या बापाचं नाव आहे की त्यात! तेच तर वाचायला बसलेत!"

तेवढ्यात दुसरीच चौकट उगवली. कंपनीचं लांबलचक नाव, परदेशातला पत्ता, सोनेरी बिल्ला आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पानभर मजकूर. सरांचा चेहरा उजळला.

"बघ. याला म्हणतात घराणं." आणि त्यांनी 'वाचले, मान्य आहे' वर टिचकी मारली.

पाठोपाठ संगणकात जाहिरातींची वरात शिरली: केस उगवायचं तेल, विलायती लॉटरी, पडद्यावर नाचणारं माकड. बेबीनंदाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. गेलं जालना! आता जन्मभर काजं-बटणं.

बद्रीनाथ मात्र माकडाच्या बाजूनं मान वाकडी करून निबंधच न्याहाळत होते.

"बेबे, हे समदं तूच लिवलं?"

"हो, बाबा."

"इंग्रजीत? टिंबाटिंबासकट?" त्यांनी सरांकडं वळून पाहिलं. "मास्तर, पोरगी हाताबाहेर हुशार निघाली की हो! जा बेबे, जालन्याला. बिलकुल जा. फारम जल्दी भर."

इंग्रजीच्या प्रश्नाला बेबीनंदानं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं तोंड 'विचारा' या पर्यायावर ठेवलं, आणि पुढं कुणी काही विचारलंच नाही.

तुम्ही बद्रीनाथांना हसताय, हसा. त्यांनी न वाचता मान्य केलं, पण निदान एक पोरगी शिकायला गेली. तुम्हीही आजवर कितीतरी चौकटींवर 'वाचले, मान्य आहे' दाबलंय. तेव्हा तुमच्या घरात कोण कोण शिरलं, तेवढं जरा बघून या. आम्ही थांबतो.