अगदी माझ्यासारखा शिंपी

विहीणबाईंना एक चांगली मालिका सुचवावी, एवढंच मी ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. लेकीच्या लग्नात विहीणबाईंचा ब्लाउज मीच शिवला. माप घेताना आकडे मोठ्यानं म्हणायची माझी चाळीस वर्षांची सवय. भरल्या घरात मी त्यांच्या कंबरेचा आकडा म्हणालो. (वर 'अस्तर जास्तीचं लागेल' असंही म्हणालो.) त्या दिवसापासून दोन वर्षं त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. लेक इकडचे निरोप तिकडे करून थकली. बायको म्हणाली, उसवलंत तुम्ही, आता शिवाही तुम्हीच.

अशात टीव्हीवर एका शिंप्याची परदेशी मालिका लागली. भाषा कळेना. खाली आपल्या भाषेत ओळी यायच्या, पण मी शाळेची पायरी चढलेलो नाही. अक्षराला अक्षर जोडून पहिला शब्द लावेपर्यंत ओळ पसार. म्हणून मी त्याचे हातच बघायचो. कात्री सरळ, टाका बारीक, बोलणं कमी. गिऱ्हाईक आलं की मायेनं माप घ्यायचा. थोड्या वेळानं गिऱ्हाईक आडवं व्हायचं. (गळा घट्ट झाला असेल, माझ्याही हातून एकदा झाला होता.) मग हा त्याच्या अंगावर पांढरी चादर घालायचा. एवढी काळजी कोण घेतं हो आजकाल?

आठ भाग पाहून मी विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, जरूर बघा, सगळ्यांनी मिळून बघा. त्यातला शिंपी अगदी माझ्यासारखा आहे, त्याला बघितलंत की माझा स्वभाव कळेल. आणि रविवारी मी येतोच, तुमचं नव्यानं माप घ्यायचंय.

शनिवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, आईंना काय बघायला सांगितलंत?"

"शिंप्याची गोष्ट."

"तो खुनी आहे बाबा. गाजलेला. पुस्तकं आहेत त्याच्यावर, लहान पोरंसुद्धा ओळखतात त्याला."

मी खाली बसलो. आठ भागांतली आडवी गिऱ्हाइकं एकेक करून डोळ्यांपुढून गेली.

"त्यातलं एकही उठलं नाही?"

"एकही नाही."

रविवारी मी निघायच्या आधीच विहीणबाई माझ्या लेकीला घेऊन आमच्या दारात हजर. (मी त्यांच्या घरी जाण्यापेक्षा हे बरं, असा त्यांनी हिशेब केला असावा.) दाराजवळच्या खुर्चीत टेकल्या, पर्स पोटाशी धरली, आणि बायकोला हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा, हे स्वतःच म्हणाले, अगदी माझ्यासारखा. तुम्हाला कधी भीती नाही वाटली?"

बायकोनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"ह्यांची? अहो, साध्या पँटला हे सहा महिने लावतात. ह्यांनी कुणाला मारायला घेतलं, तर तो बिचारा ट्रायलच्या आधी म्हातारपणानं जाईल."

विहीणबाई हसल्या. इतक्या हसल्या की पर्स खाली पडली. मग उठून आतल्या खोलीत गेल्या, बायकोशेजारी ऐसपैस बसल्या, जेवून संध्याकाळी गेल्या. लेकीनं जाताना माझा हात दाबला. दोन वर्षांचं भांडण मी एका फोनवर मिटवलं, हे कुणीही मान्य करेल.

त्या दोघी विहिणींचं मात्र वेगळ्याच गोष्टीवर एकमत झालंय: खुनी म्हणूनसुद्धा माझा काही उपयोग नाही.