सासऱ्याचा बिल्ला

विमान खाडीच्या पाण्यावर उतरलं तेव्हा इनुकी सासऱ्याचं नाक पुसत होता. सासरा सात वर्षांचा होता. त्याला दोन वेण्या होत्या, पुढचे दोन दात पडलेले होते आणि नाक पुसून घ्यायला तो मुळीच तयार नव्हता.

आम्हा बर्फातल्या लोकांत माणूस मरतो, नाव मरत नाही. म्हातारा कोपाक खोकून खोकून मेला आणि दोन महिन्यांनी त्याच्या लेकीला, म्हणजे इनुकीच्या बायकोला, तागालिकला मुलगी झाली. नाव अर्थातच कोपाक ठेवलं. नाव आलं म्हणजे म्हातारा आला. तागालिक पोटच्या पोरीला 'बाबा' म्हणायला लागली आणि इनुकीला तिला 'मामा' म्हणणं भाग पडलं. म्हाताऱ्याने जिवंतपणी अकरा वर्षं जावयाला नालायक ठरवलं होतं. सुटलो म्हणायला इनुकीला दोनच महिने मिळाले. आता ही पोर सीलची चरबी चघळत म्हणायची, "जावईबापू, सुरीला धार नाही," आणि इनुकी मान खाली घालून धार लावायला बसायचा.

नावाबरोबर म्हाताऱ्याचा बिल्लाही तिच्याकडे आला. सरकारी साहेबांना आमची नावं उच्चारता येत नाहीत. शिकायची त्यांना गरजही वाटली नाही. त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवला आणि मोकळे झाले. कुत्र्यांना आम्ही निदान नावाने हाक मारतो. ज्याचं नाव त्याचा बिल्ला, म्हणून तागालिकने तो लेकीच्या गळ्यात घातला. म्हातारा गेल्याचं सरकारला कुणी कळवलं नाही. तो परत आलेला असताना कळवायचं काय?

विमानातून साहेब उतरला आणि मागोमाग दुभाष्या सिमिओनी. साहेबाच्या हातात दोन याद्या होत्या. एक शाळेची. सहा वर्षांवरचं पोर दिसलं की उचलायचं आणि दक्षिणेला वसतिगृहात नेऊन टाकायचं. पोरं दहा महिन्यांनी परत येतात तेव्हा केस कापलेले असतात आणि आईशी बोलायला शब्द सापडत नाहीत. काही येतच नाहीत. त्यांची चौकशी केली तर यादी बघून सांगतो म्हणतात. दुसरी यादी दक्षिणेतल्या दवाखान्यात न्यायच्या क्षयरोग्यांची होती.

पलीकडच्या शिकारी तळावरची तीन पोरं आधीच विमानात होती. खिडकीला नाक लावून बसलेली. तागालिकने ती पाहिली आणि कातडं खरवडणारा तिचा हात थांबला.

साहेबाने कोपाकला पाहिलं आणि तो खूश झाला. तिच्या गळ्यातला बिल्ला दोन बोटांत धरून त्याने शाळेच्या यादीवरून नजर फिरवली. नंबर नाही. मग दुसरी यादी काढली, आणि हरवलेली वस्तू खिशातच सापडावी तसा त्याचा चेहरा झाला. हा कोपाक सात वर्षं सरकारला सापडत नव्हता. पुरुष, आता वय एकाहत्तर, छातीच्या फोटोत डाग. कुठे आहे तो?

सिमिओनीने विचारलं. इनुकीने पोरीकडे बोट दाखवलं.

"ही तर मुलगी आहे," साहेब म्हणाला.

"सासरे आहेत माझे," इनुकी म्हणाला.

सिमिओनीने शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. त्याला नेमलं होतं ते भाषांतराला. समजावून सांगणं त्याच्या कामात येत नव्हतं.

साहेब तापला. आपली टर उडवतात असं त्याला वाटलं. मुलीला बिल्लाच नाही असं लिहून, नवा नंबर देऊन तिला शाळेत पाठवतो म्हणाला आणि त्याने नव्या बिल्ल्यांची पेटी मागवली. पेटी रिकामी होती. सगळे बिल्ले आधीच्या तळांवर वाटून झाले होते. आणि नंबर नसलेल्या माणसाला विमानात बसवायचं नाही, असा नियम.

तागालिक पुढे आली. "बिल्ला बाबांचाच आहे. वय एकाहत्तर. ते या वयात शाळेत जाणार का?"

हे वाक्य सिमिओनीने चवीने सांगितलं.

साहेबाने दुसऱ्या यादीवर बोट ठेवलं. मग तो म्हणाला, "बरं. मग रोगी म्हणून नेतो. नंबर यादीत आहे ना, तो विमानात बसलाच पाहिजे."

तागालिकने पोरीला शाळेतून सोडवलं आणि स्वतःच्याच तोंडाने दवाखान्यात ढकललं. पलीकडे वैमानिक ओरडत होता, वारा फिरतोय म्हणून.

इनुकी सासऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला. थोरल्यांच्या गळ्यातली वस्तू ओढून घेत नाहीत, मागावी लागते.

"मामा, बिल्ला मला देता?"

"कशाला?"

"यांना तो न्यायचाय. मी घालून जातो."

कोपाकने विमानाकडे पाहिलं, तागालिककडे पाहिलं. मग बिल्ला काढून तिने स्वतःच्या हाताने जावयाच्या गळ्यात घातला. "हरवू नका," ती म्हणाली. "तुम्ही सगळं हरवता."

साहेबाने चौतीस वर्षांच्या, काळ्याभोर केसांच्या इनुकीकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं: सापडला. वयाच्या मानाने प्रकृती उत्तम.

चढता चढता इनुकीने आपला स्वतःचा बिल्ला तागालिकच्या मुठीत कोंबला. विमान दिसेनासं व्हायच्या आत तो पोरीच्या गळ्यात होता. पुढच्या उन्हाळ्यात साहेब भरलेली पेटी घेऊन आला. पण तळावर बिननंबरी कुणीच नव्हतं. तागालिक हजर, इनुकी हजर, कोपाक दवाखान्यात. पस्तीस वर्षांचा पुरुष वेण्या घालतो याचं त्याला नवल वाटलं असेल, पण यादी जुळली होती. त्याने खूण केली आणि चहा पिऊन निघून गेला.

तिकडे इनुकीच्या छातीच्या फोटोत डाग दिसेना. डॉक्टरांनी ते आपल्या औषधाचं यश मानलं. मात्र बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला बर्फावरच्या तंबूत परत पाठवायला त्यांचं मन होईना. त्यांनी त्याला म्हाताऱ्यांच्या खोलीत हलवलं, पातळ पेज सुरू केली आणि दोन्ही बाजूंनी धरून संडासला न्यायला लागले. मी पस्तीस वर्षांचा आहे, असं तो रोज सांगायचा. ते रोज लिहून ठेवायचे.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर त्याला पत्र आलं. पोर शाळेत गेली नव्हती, म्हणून तिला आपल्या लोकांची लिपी येत होती. इनुकी वाचत गेला आणि दवाखान्याचा दुभाष्या डॉक्टरांना सांगत गेला.

"जावईबापू, या हिवाळ्यात आम्ही दोन कुत्री खाल्ली. माझ्या लेकीच्या पायाची दोन बोटं गारठून गेली. आता शिकार मी करते. परवा एकटीने सील मारला. तुम्ही या. कोपाक."

इनुकी रडत होता. पत्र कुणाचं, डॉक्टरांनी मऊ आवाजात विचारलं.

"सासऱ्यांचं," इनुकी म्हणाला. खोटं बोलायला तो अजून शिकला नव्हता.

डॉक्टरांनी पत्राखालची सही दुभाष्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग खाटेला टांगलेल्या कागदावरचं रोग्याचं नाव पाहिलं, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याच कागदावर लिहिलं: रोगी स्वतःलाच पत्रं लिहितो. घरी सोडू नये.