बापूरावांची निळी केबल

चौसाळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या बापूरावांनी घरातले सगळे प्लग उखडले आणि त्या भोकांत सिमेंट भरलं, तेव्हा मी हादरलोच. हा माणूस तीस वर्षं वायरमन होता. खांबावर चढून गावाला वीज दिली आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्याच घरातल्या विजेवर उठला.

"मग वायफाय कशावर चालवणार?" मी विचारलं. शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे असली काळजी मला आधी वाटते.

"नेटच्या केबलवर," बापूराव म्हणाले. "त्याच तारंतून नेट, त्याच तारंतून करंट. लई गुणाचा करंट हाय, सर. समोर कोण हाय ते आधी विचारतो, मगच जातो. आपल्या लाईनीला हाय का इतकी रीत?"

हे खरं आहे. समोरचं यंत्र ओळखल्याशिवाय या केबलमध्ये वीज येत नाही, आणि येते तीही हलकी, हाताला झटका न देणारी. ते मला त्यांच्याकडून ऐकावं लागलं याची लाज वाटली. माळ्यावर बॅटरी आणि एक डबी. तिच्यातून निघालेल्या निळ्या केबलवर वायफाय, दारावरचा कॅमेरा आणि स्वयंपाकघरातला फोन. मिक्सर बिचारा कपाटात गेला. चटणी बापूराव स्वतः पाट्यावर वाटू लागले.

मला खटकायची ती केबल. कमरेएवढ्या उंचीवरून, भिंत न सोडता, स्वयंपाकघर ते मोरी ते बाहेरचं दार.

"अहो, जमिनीलगत तरी घ्या. गोठ्यातल्या दावणीसारखी दिसते."

"ऱ्हाऊ द्या. मेन्टेनन्सला बरी पडती." मेन्टेनन्स हा त्यांचा लाडका शब्द, जावयाच्या तब्येतीलाही तोच.

परवा दुपारी गेलो, तर बापूरावांच्या पत्नी सरूकाकू चहा घेऊन आल्या. डाव्या हाताची दोन बोटं केबलवर. थांबल्या आणि हसून कप पुढे केला, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे. वाकून कप घेतला. वर्षभर या घरात येत होतो, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

त्या आत गेल्यावर बापूराव हलक्या आवाजात म्हणाले, "मला न सांगता बहिणीसंग बीडला जाऊन डोळे दाखवून आली. डाक्टर उपाय न्हाई म्हणले. भिंत चाचपत चालायची, करंट लागंल म्हणून प्लग काढले."

"मग तुम्हाला कळलंय, हे काकूंना सांगा की."

"कावून सांगू? तिला वाटतं, मला ठाऊक न्हाई. तेवढ्यावर तर ती ताठ चालती."

आतून काकूंनी विचारलं, "सर, च्या गोड झालाय का?"

"झालाय," मी म्हणालो. मग त्यांना ऐकू जाईल असं, जरा मोठ्यानं, "बापूराव, केबल आहे तिथेच बरी दिसते."