फ्रिजबरोबर फुगडी

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारे शेवडेकाका रोज सकाळी फ्रिजबरोबर फुगडी घालतात. मी अतिशयोक्ती करत नाहीये. गुडगावात राहून अतिशयोक्ती करायला मला वेळ नाही. सकाळी ऑफिसची कॅब, तिच्याआधी मुलीची स्कूलबस, तिच्याआधी पाण्याचा टँकर, आणि या सगळ्याच्या आधी छतावर धड, धड, धड.

पहिल्यांदा वाटलं, वर फर्निचर सरकवतायत. सरकवू देत. पण रोज? माणसाकडे सरकवण्यासारखं फर्निचर असतं तरी किती? शेवटी एका सकाळी डोक्यावरून पाणी गेलं आणि मी लुंगीवरच भांडायला वर गेलो. दार त्यांच्या कामवालीनं, बबीतानं उघडलं. "खुद ही देख लो भैया, मेरे बस का नहीं," असं म्हणून ती झाडू मारायला निघून गेली.

स्वयंपाकघरात सत्तरीला टेकलेले काका, हाफ पँट, कपाळाला रुमाल. समोर दोन दारांचा भलाथोरला फ्रिज. त्याच्या पायथ्याशी पाय जुळवलेले, हातांची कात्री केलेली, उजव्या हातात डाव्या दाराची मूठ, डाव्या हातात उजव्या दाराची, आणि काका पार मागे झुकलेले. दारं उघडू नयेत म्हणून फ्रिजला नायलॉनची दोरी गुंडाळलेली. ते ओढायचे तसा फ्रिज पुढे डुलायचा, आणि ते सैल सोडायचे तसा मागे बसायचा. हीच माझी धडधड. स्टुलावर मोबाईल उभा होता आणि त्यातून एक बाई अतिशय गोड हिंदीत विनवत होती, "कृपया बैठ जाइए. आपका संतुलन बिगड़ रहा है."

"तिच्याकडे लक्ष देऊ नका," काका झुकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "ती फिजिओथेरपीची आहे. फुगडीतलं तिला ओ की ठो कळत नाही."

"पण काका, फ्रिज?"

"त्याचं काय आहे सुनीलराव, नवरा, जाऊ, नणंद हे सगळं हलतं माप. रोज वेगळं येतं. फ्रिज फिक्स आहे."

मी भांडायला आलो होतो हे विसरून चहा पिऊन खाली आलो. चहा काळा होता. दुधासाठी दोरी सोडावी लागली असती.

काकांची ओळख करून द्यायची तर ते क्वालिटीवाले. नव्वदच्या दशकात मानेसरच्या बाजूला गाड्यांचे पार्ट बनवणारे कारखाने आले, तेव्हा चिंचवडहून जी मराठी मंडळी इकडे उतरली त्यांतले हे एक. तेव्हा इथे मोहरीची शेतं होती आणि शेतात 'लवकरच येत आहे नवे शहर' असे बोर्ड होते. काका म्हणतात, शहर अजून आलेलं नाही, फक्त टॉवर आलेत. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. समोर आलेला पार्ट उचलायचा, फिरवून बघायचा आणि तीनपैकी एक शब्द बोलायचा. ओके, रीवर्क किंवा रिजेक्ट.

निवृत्त झाले, पण जित्याची खोड. दिल्लीची थंडी रीवर्क. आमच्या सोसायटीची लिफ्ट रिजेक्ट. स्वतःचा जावई बरीच वर्षं रिजेक्ट होता, नातू झाल्यावर त्याला रीवर्कमध्ये घेतलं. माझी बायको रेवती पुरणपोळी घेऊन वर गेली, तर त्यांनी पोळी उजेडात धरून कडेची जाडी बघितली आणि म्हणाले, "रीवर्क." खाल्ल्या मात्र चार. ओके हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. कारखान्यातही म्हणे फार कुणी ऐकला नव्हता.

असा माणूस मंगळागौरीचे खेळ शिकवायला लागला, याला कारण निर्मलाकाकू.

खेळ खरे काकूंचे. फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, सगळं. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर श्रावणात त्यांचा कार्यक्रम व्हायचा. पंजाबी शेजारणी त्याला "महाराष्ट्रीयन गरबा" म्हणायच्या आणि काकू दर वर्षी त्यांना नव्यानं समजावून सांगायच्या. पुढे पोरी पांगल्या. कुणी नोएडाला, कुणी फरिदाबादला, कुणी द्वारकेला. गुडगावहून नोएडाला तालमीला जायचं म्हणजे डबा बांधून निघायला हवं. तेव्हा काकूंनी लॅपटॉपवर क्लास सुरू केला. त्या समोर बसून नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "मुग्धा, हात सोडायचा नाही आणि ओढायचाही नाही. समोरचीवर टाकून दे स्वतःला." बास. एवढ्यावर पोरी गरगर फिरायच्या.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पुष्कळशी परत आली, बोलणं तर पूर्ण आलं, पण डाव्या हाताला जोर नाही आणि ओठाचा एक कोपरा जरा खाली. काकू आतल्या खोलीत गेल्या त्या गेल्याच. कुणाला भेटणं नाही, कॅमेरा तर नाहीच नाही. डॉक्टर म्हणाले, हात चालवला तर चालेल, पण त्यांनी मनावर घ्यायला हवं. फिजिओथेरपिस्टनं ते मोबाईलचं अ‍ॅप दिलं. कॅमेऱ्यापुढे व्यायाम केला की ते अंगावर हिरव्या रेघांचा सांगाडा काढतं, चुकलं की तो सांधा लाल होतो, आणि मग ती गोड बाई बोलते. काकूंनी एकदाच बघितलं. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लालभडक. "माझ्याच घरात मला मोबाईल नापास करणार होय?" म्हणाल्या आणि फोन पालथा घातला.

काकांनी तो उचलला आणि जाहीर केलं की क्लास बंद पडणार नाही. क्लास आपण घेणार.

त्यानंतर जे सुरू झालं त्यानं चार उपनगरांतल्या बायकांच्या नाकी नऊ आले. प्रत्येकीनं ते अ‍ॅप घ्यायचं. जमिनीवर खडूनं गोल काढायचा. पंख्याला गवंड्याचा ओळंबा टांगायचा, म्हणजे झुकलो किती ते दिसतं. आणि झुकायची तालीम फ्रिजबरोबर. रेवतीही क्लासला, त्यामुळे आमच्या फ्रिजचं दार एका आठवड्यात निखळलं. मेकॅनिकनं विचारलं, "मॅडम, किसी ने खींचा था क्या?" रेवतीनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात ते अ‍ॅप पडलं आजाऱ्यांसाठी बनवलेलं. कुणीही मागे झुकलं की ते घाबरायचं. संध्याकाळी क्लासच्या वेळी सगळ्यांच्या घरातून एका सुरात "कृपया बैठ जाइए" सुरू व्हायचं, आणि फरिदाबादच्या एका सासूबाई खरंच बसायच्या.

इतकं सगळं पोरींनी प्रेमानं सहन केलं. पण हळूहळू काका चुकायला लागले. झिम्म्याच्या टाळ्या पिंग्यात घातल्या. सूप पालथं धरायला सांगितलं. चुकीचं काही सांगितलं की थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचे आणि पुढे जायचे. पुढच्या आठवड्यात आणखी मोठी चूक. मला वाटलं, वय झालं. स्पीकरचंही त्यांना जमत नव्हतं. क्लास हॉलमध्ये, आणि हा एवढा मोठा स्पीकर भलतीकडेच तोंड करून, आतल्या खोलीच्या दाराशी. मी दोनदा फिरवून ठेवला. दोन्ही वेळा तो परत तिकडेच.

शेवटी मुग्धानं नोएडाहून रेवतीला फोन केला. श्रावण तोंडावर आलाय, असं चुकीचं शिकून स्टेजवर हसं होईल, काकांना प्रेमानं सांगूया की यंदा राहू दे. प्रेमानं सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. "तुझं आणि त्यांचं छान जमतं," रेवती म्हणाली. जमतं म्हणजे काय, तर एका काळ्या चहाची ओळख.

संध्याकाळी क्लासच्या जरा आधी वर गेलो. काका स्वयंपाकघरात कपाळाच्या रुमालानं घाम पुसत होते. मी इकडचं तिकडचं बोलून विषय काढला. "काका, पोरी म्हणतायत, क्लास आता थांबवूया. म्हणजे, तुम्हाला दगदग होते. गोष्टी जरा विसरायला होतात."

"काय विसरलो?"

"ते सूप. त्या टाळ्या. आणि काल तुम्ही फुगडीत कात्री न करता सरळ हात धरायला सांगितलेत म्हणे."

काकांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग फ्रिजसमोर उभे राहून त्यांनी हातांची कात्री केली आणि मुठी धरल्या, त्या पहिल्या दिवशीसारख्या. तंतोतंत. मला तोंडात मारल्यासारखं झालं. रोज सकाळी हा माणूस बरोबर फुगडी घालत होता.

"इथे आल्यापासून अठ्ठावीस वर्षं तिचे खेळ बघतोय," ते कुजबुजत म्हणाले. "झोपेत चूक काढीन. पण सुनीलराव, बरोबर शिकवलं तर ती आतून काय बोलणार? तिला चुकीचं ऐकवत नाही. कधीच नाही. पहिल्या चुकीला आतून पलंग करकरला होता. दुसऱ्या वेळी 'श्शी' असा आवाज आला. परवा सूप पालथं धरलं, तेव्हा वॉकर सरकल्यासारखा वाटला. मी नोकरीत जाणूनबुजून एक खराब पार्ट पास केला नाही हो. आता रोज करतो. घरात तिच्याशिवाय मला करमत नाही. ती घरातच आहे, तरी करमत नाही."

मी ओट्यावरचे डबे उगाच सरळ रांगेत लावले.

"आजचा दिवस द्या," काका म्हणाले. "पोरींना सांगू नका. आज मोठी चूक करणार आहे."

क्लास सुरू झाला. पडद्यावर चौकटीचौकटींतून सगळ्या आल्या. मुग्धानं आज फ्रिजऐवजी जावेला पकडून आणलं होतं. काकांनी घसा साफ केला आणि स्पीकरच्या दिशेनं, मुद्दाम खणखणीत आवाजात म्हणाले, "आज सरळ हातांची फुगडी. कात्री करायची नाही. पकड घट्ट नको, सैल ठेवा. नुसती बोटं अडकवा. आणि एकदम जोरात फिरायचं."

"काका, सैल?" मुग्धा म्हणाली.

"सैल. फिरा."

मुग्धा आणि तिची जाऊ बिचकत एकमेकींची बोटं अडकवून उभ्या राहिल्या. आतून काही आवाज नाही. काकांनी पाण्याचा घोट घेतला. काही नाही. आता पोरी खरोखरच फिरल्या तर पडतील, आणि हे थांबवायचं तरी कसं, याच विचारात मी लॅपटॉपकडे सरकलो. त्या दोघी झुकायला लागल्या.

"अहो, पोरींचे हात मोडाल. अक्कल गहाण टाकलीत का?"

आवाज आतून आला. मग वॉकरचा टकटकाट, मधे थांबत, पुन्हा टकटकाट. काकू दारात उभ्या. घरातला गाऊन, केस विस्कटलेले, आणि संतापानं लाल झालेलं तोंड. "मुग्धा, सोड आधी ते. दोघी नीट उभ्या राहा. महिनाभर ऐकतेय मी. झिम्म्याच्या टाळ्या पिंग्यात, सूप पालथं. या माणसाला घरात ठेवलंय तेच उपकार."

मुग्धा फक्त "काकू" एवढंच म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

"मी मेले नाहीये गं. रडतेस काय, कात्री कर." काकू खुर्चीवर बसल्या. कॅमेरा समोर आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. हात गालाकडे जाऊन क्षणभर थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला. "अहो, दुसरी खुर्ची घ्या. बसा समोर. पोरींना दाखवू पकड कशी असते."

काका समोर बसले. काकूंनी उजवा हात पुढे केला, त्यात काकांनी उजवा दिला. डावा हात काकूंना मांडीवरून उचलून आणावा लागला. तो काकांच्या डाव्या हातात ठेवला, तेव्हा क्लाससाठी स्टुलावर उभा केलेला मोबाईल जागा झाला. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं लाल. "पकड़ कमज़ोर है. कृपया विश्राम कीजिए," ती गोड बाई म्हणाली.

काकांनी वाकून फोन पालथा घातला. मग पुन्हा तो हात धरला आणि बघत राहिले, पार्ट बघायचे तसे, बोटांपासून मनगटापर्यंत, सावकाश.

"ओके," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय ओके? करंगळीत जीव नाही अजून. रीवर्क." मग पडद्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या याच वेळेला. आणि ते फ्रिज सोडा गं बायांनो, घरातलं माणूस धरा."

काका चहा टाकतो म्हणून उठले. बराच वेळ झाला तरी स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येईना, म्हणून मी आत गेलो. ते फ्रिजची दोरी सोडवत होते. स्वतःच मारलेली गाठ त्यांना सुटत नव्हती, कारण त्यांना ती दिसतच नव्हती. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "द्या इकडे." गाठ सोडली, दूध काढून दिलं. त्यांनी दोरी गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडधड झालीच नाही. वरून दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्याचा आवाज आला, मग काकूंचं रागावणं, आणि मग काकांचं हसणं. मी छताकडे बघत पडून राहिलो. मुलीची स्कूलबस चुकली.