शून्य चुकांचा कागद

पद्मजाच्या मांडीवर दीड वर्षाची केतकी, समोर संगणक आणि त्यावर दोनशे अकरा तांबड्या चुका.

सकाळी त्या फक्त तीन होत्या. केळापूरजवळच्या हमीभावाच्या कापूस खरेदी केंद्रासाठी, शेतकऱ्यांना माल आणायच्या पाळीचा मेसेज पाठवणारा पायथनचा छोटासा प्रोग्राम तिनं लिहिला होता. भाव पडल्यापासून सारा तालुका याच केंद्राकडे लोटलेला. लोक गाड्या भरून घरी बसलेले, वर आभाळ भरलेलं. पाच वाजता मेसेज जायलाच हवे होते. पण चुका शोधणाऱ्या सॉफ्टवेअरनं पास केल्याशिवाय काही चालवायचं नाही, असा व्यवस्थापक नीळकंठरावांचा हुकूम. सॉफ्टवेअरचे नियमही तेच ठरवत. ते तहसीलमधून निवृत्त झालेले.

"प्रत्येक ओळीवर खुलासा पायजे."

"साहेब, खुलासा लिहिला की ओळ लांब होते. लांब ओळ म्हणजे चूक."

"मंग तोडा तिले."

"तोडली की नवी ओळ. तिलेही खुलासा लागते!"

"लिवा मंग! आळस कायले?"

वजनकाट्यावरचे रहमतचाचा डोकावले. "बेटी, साडेचार झाले. धनीबाईचा चौथा फोन हाय. गाडी भरून आभाळाकडं पाहून राह्यली थे."

पद्मजानं नियमांची यादी शेवटपर्यंत वाचली. अखेरचा नियम होता: 'जुने कागद' या फोल्डरची तपासणी करू नये. तहसीलची सवय, दुसरं काय! तिनं सकाळचा प्रोग्राम पुन्हा उघडला, सगळ्या ओळी निवडल्या, गुपचूप त्यांची नक्कल त्या फोल्डरात ठेवली आणि तिला पाचची वेळ लावली. तेवढ्यात केतकीनं बिस्किटाच्या हातानं खोडायचं बटण दाबलं. निवडलेल्या ओळी गायब, पडदा कोरा.

आणि साहेबांनी तपासणी लावली.

"शून्य चुका! वा, पद्मजाबाई! छापा!"

कोऱ्या कागदावर सही झाली, शिक्का बसला.

पाचला मेसेज गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस यायच्या आत धनीबाईची गाडी काट्यावर.

"पाह्यलं? एक ओळ नाही, तरी मेसेज गेले. याले म्हणते शिस्त!" साहेब फुशारले. तो कागद नमुना म्हणून ढाणकीच्या केंद्राला रवाना झाला.

दुपारीच तिकडून फोन आला. मेसेज जात नव्हते.

"नियम बराबर लावले नसतीन," साहेब म्हणाले.

केतकीचं तोंड पदरानं पुसत पद्मजानं विचारलं, "साहेब, त्यायले 'जुने कागद' पण पाठवू का?"

"थे कायले?"

"संदर्भासाठी."

साहेबांचा चेहरा उजळला. "अवो, मंग आधी काहून नाही पाठवले? संदर्भाबिगर कागद कसा चालन?"