हरणीची पहिली ऑर्डर

संगणक कसा निवडायचा, हे बडोद्यात माझ्याकडून शिकावं! तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. प्रूफ पाहिल्याशिवाय एक ओळ सोडली नाही. त्यामुळे निरुपमाने, म्हणजे माझ्या बायकोने, चकल्या ऑनलाइन विकायचं ठरवलं तेव्हा यंत्रसामग्रीचं खातं मी आपणहून घेतलं.

फतेगंजच्या दुकानदाराला मी अकरा प्रश्नांची यादी दिली. पहिल्या दिवशी त्याने चहा पाजला. चौथ्या दिवशी मला पाहून शटर अर्धं ओढलं. अखेर मजबूत संगणक, लेबल छापणारा प्रिंटर, वीज गेल्यावर वीस मिनिटं तग धरणारा यूपीएस आणि ऑर्डर आली की आपोआप लेबल काढणारं सॉफ्टवेअर, असा संसार समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आला. देवघर थोडं सरकवावं लागलं.

"दुकान कधी उघडायचं?" निरुपमाने विचारलं.

"प्रूफ पाहिल्यावर."

चाचणीसाठी लोक 'अबक' असं काहीतरी टाकतात. डेस्कवरच्या माणसाला ते शोभत नाही. नाव खरं हवं, पत्ता खरा, फोन नंबरही खरा. मला पिनकोडसकट पाठ असलेला पत्ता एकच: गोविंदराव, हरणी, बडोदा. दर भाऊबीजेला मी तो पाकिटावर लिहितो आणि निरुपमा ते पाकीट कपाटात ठेवून देते. गोविंदराव तिचे थोरले भाऊ. चार वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात त्यांनी तिची चकली कडक आहे म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद.

पाच किलो चकली, असं मी भरलं. लेबल सुबक निघालं, जोडाक्षरंही शाबूत. समाधानाने दूध आणायला गेलो.

परतलो तर निरुपमा परातीत भाजणी मळत होती. लेबल ओट्यावर, डबा ठेवून सांभाळलेलं.

"दादानं मागवलीय," ती म्हणाली. "माझीच चकली."

खरं सांगायला संध्याकाळपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. चौथ्यांदा तिने त्यात गरम चकली घातली.

"बघा. कडक झालीय?"

"नाही," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप ऑर्डर रद्द केली आणि तिने सकाळीच दिलेलं पार्सल परत मागवायला कुरियरवाल्या धवलला फोन लावला. "काका, ए तो क्यारनुंय नीकळी गयुं," तो म्हणाला. पार्सल हरणीच्या वाटेवर होतं. आणि ऑर्डर रद्द झाल्याचा संदेश सॉफ्टवेअरने इमानदारीने गोविंदरावांच्या फोनवर पोचवला होता.

तिसऱ्या दिवशी गोविंदराव दारात. हातात खोकं. मी यूपीएस तपासायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

"निरू, चकली पाठवलीस. मग रद्द केल्याचा संदेश कशाला?" त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "अजून राग आहे का?"

"मी कशाला रद्द करू, दादा?"

दोघांनी संगणकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे यंत्र निवडलं कोणी?" गोविंदरावांनी विचारलं.

मी हात वर केला.

यंत्र टाकाऊ आहे, यावर भावाबहिणीचं चार वर्षांत प्रथमच एकमत झालं. गोविंदरावांनी खोक्यातली चकली कुडुमकुडुम खाल्ली आणि दोन कप चहा घेतला. त्यांना वाटतं, आधी तिने पाठवली. तिला वाटतं, आधी त्यांनी मागवली.

हल्ली ऑर्डरी फोनवर येतात, वहीत उतरतात. संगणकावर निरुपमाने शिवलेलं झाकण आहे, त्यावर भाजणीचा डबा.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. हा मी अजून छापलेला नाही.