रोलरवाली आणि शेपटीची जागा

एका जंगलात, मुलांनो, जंगलच उरलं नव्हतं.

एके दिवशी सूर्याला तडा गेला. का गेला, ते मला विचारू नका. मोठी मंडळी तेव्हा हजर होती. त्यांना विचारलं, तर ती म्हणतात, "आमच्या वेळी असं नव्हतं." आणि विषय संपतो.

तर तडा गेला आणि सगळं जळालं. ओढे आटले. जमीन इतकी तापू लागली, की बिळात शिरावं तर भाकरीसारखं भाजून निघावं. उरलं एकच जांभळाचं झाड. त्या झाडाखाली एकच सावली.

आणि उरला एक सिनेमा.

सिनेमाचं नाव 'रोलरवाली'. तो कुणी काढला, कुणाला ठाऊक नव्हतं. सूर्य धड होता तेव्हा हा सिनेमा सपशेल आपटला होता. पहिल्या खेळाला घोरपड मावशींनी पडद्यावर शेण फेकलं होतं. "आपल्या घरात पोरीबाळी आहेत," असं म्हणून त्या उठून गेल्या होत्या. पण प्रलयात बाकीचे चांगले, संस्कारक्षम सिनेमे जळून गेले. हा एकटा वाचला. उरलेली गोष्ट आपोआप थोर होते. रोलरवालीचं तसंच झालं.

दर पौर्णिमेला दिवस मावळला, की दोन काठ्यांमध्ये चादर ताणायची. यंत्रात काजवे भरायचे. मग रोलरवाली यायची.

रोलरवाली म्हणजे एक साळिंदर. डोक्यावर कुकरचं भांडं. अर्धे काटे कापलेले, अर्धे जांभळे रंगवलेले. तिच्या सिनेमातलाही सूर्य फुटलेला असतो. जगातल्या सगळ्या छत्र्या छत्रसेन नावाच्या काळ्या चष्म्याच्या गेंड्यानं गोदामात कोंडलेल्या असतात. त्या सोडवायला ही निघते. कशावर? रोडरोलरवर. गेंड्याचे शिपाई तिचा पाठलाग करतात, चालत. कारण रोलर त्याहून जोरात जातच नाही. मध्ये दोन्ही बाजू दमतात, रोलरच्या टपावर चहा पितात, आणि पुन्हा पाठलाग सुरू होतो. सगळं जंगल हा पाठलाग श्वास रोखून बघायचं.

शेवटी गोदामाच्या दारात छत्रसेन तिला अडवतो. मोठमोठी वाक्यं बोलतो. रोलरवाली सगळे काटे उभारते आणि एकच शब्द बोलते.

"सरक!"

हा शब्द आला, की अख्ख्या जंगलानं उठायचं, उजवीकडे दोन उड्या मारायच्या आणि हवेत पाचोळा फेकायचा. ही परंपरा होती. फार पूर्वी याच प्रसंगाला कुणीतरी मुंग्यांच्या वारुळावर बसलं होतं. ते बोंबलत उठलं आणि उजवीकडे पळालं. शेजाऱ्यांना वाटलं, भावना अनावर झाल्या. त्यांनीही तेच केलं. पुढे ते न करणाऱ्याला अडाणी समजू लागले.

त्या जंगलात शलाका नावाची एक साळिंदर राहायची. तरणी आणि तिखट. तिच्यासारखीच काटेवाली पोर पडद्यावर रोडरोलर चालवायची आणि सगळे म्हातारे डोळे पुसायचे. शलाकाला वाटे, बरी जागा आहे ही.

मग सकाळ व्हायची.

सकाळी सावलीत बसायचा क्रम ठरलेला होता, ज्येष्ठतेनुसार. सर्वांत आत बापूसाहेब वानर. ते रोलरवाली रसिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी प्राध्यापक अस्वल. त्यांनी रोलरवालीचा अर्थ लावला होता. मग घोरपड मावशी. मग इतर ज्येष्ठ. दुपारी सावली आखडली, की बाहेरच्या कडेचे ज्येष्ठ पाय पोटाशी घेत. तरुणांनी उन्हात उभं राहायचं. जागा कधी मिळणार, असं विचारायचं नाही. कारण त्याचा अर्थ, "आजोबा, कधी जाताय?" असा होतो, आणि ते वाईट दिसतं.

आणखी एक. बापूसाहेबांच्या शेपटीला सावलीत स्वतंत्र जागा होती. ती लांब होती आणि तिला आखडून ठेवलं, की बापूसाहेबांना चिंतन जमत नसे.

एका पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शलाकाची मैत्रीण दुर्वा बाळंत झाली. दुर्वा म्हणजे ससी. तीन पिल्लं झाली, डोळे उघडे, अंगावर मऊ लव. दुर्वा त्यांच्यावर स्वतःची सावली धरून बसली. सूर्य चढला तशी ती कलंडायला लागली. एका पिल्लाचं नाक कोरडं पडलं होतं.

"क्रमानं यांचा नंबर कधी गं?" दुर्वानं विचारलं.

"म्हातारी होतील तेव्हा," शलाका म्हणाली. "थांब इथेच."

ती तडक जांभळाखाली गेली. म्हणजे जांभळाच्या कडेला. आत शिरायला परवानगी लागे.

"बापूसाहेब, दुर्वाला पिल्लं झाली. तीन."

"अगं बाई!" घोरपड मावशी हरखल्या. "एकीचं नाव रोलरवाली ठेवा हं."

"ठेवू की. पण त्यासाठी ती संध्याकाळपर्यंत जगायला हवीत. थोडी सावली द्या."

कुणीतरी खाकरलं.

"सगळी नको," शलाका म्हणाली. "बापूसाहेबांच्या शेपटीची आहे तेवढी पुरेल."

"शेपटीची?" बापूसाहेबांनी शेपटीकडे पाहिलं. तिचा अपमान झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "माझ्या वडिलांची शेपटीसुद्धा इथेच असायची."

"ती कुठे आहे आता?"

"उलट बोलू नकोस," मावशी म्हणाल्या. "आणि आधी काटे मीट. मुलीच्या जातीला शोभतं का हे?"

"मावशी, काल रोलरवालीनं काटे उभारले, तेव्हा तुम्ही हुंदके देत होतात."

"ते वेगळं. ती पडद्यावर होती."

प्राध्यापक अस्वलांनी डोळे मिटले. ते काही सांगणार असले, की आधी डोळे मिटत. "शलाका, तुझा मूळ घोटाळा लक्षात घे. रोलर हे प्रतीक आहे. छत्री हेही प्रतीकच. सावली ही तर निव्वळ संकल्पना आहे."

"मग सर, तुम्ही संकल्पनेत कशाला बसलात? या ना उन्हात."

"तुमच्या पिढीचा अभ्यास कमी," असं म्हणून सरांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

बापूसाहेबांनी हात वर केला. त्यांचा आवाज धीरगंभीर होता. "हे बघ पोरी. उन्हानं कातडी घट्ट होते."

शलाका चमकली. हे वाक्य तिनं कुठेतरी ऐकलं होतं.

"आज तुला दिली, तर उद्या सगळे मागतील," बापूसाहेब पुढे म्हणाले.

आता तिच्या मागे उन्हात उभ्या असलेल्या तरण्या पोरांनीही कान टवकारले. कोल्हे, मुंगसं, भेकरं, सगळ्यांना सिनेमा तोंडपाठ होता. ही वाक्यं गोदामाच्या दारातली होती. छत्रसेन गेंड्याची.

"आम्ही होतो," बापूसाहेब म्हणाले, आणि मागच्या पोरांनी त्यांच्यासोबत एका सुरात वाक्य पुरं केलं, "म्हणून तू आहेस!"

बापूसाहेबांना भरून आलं. तरुण पिढी आपल्या पाठीशी आहे, हे त्यांना प्रथमच कळलं. वर्षानुवर्षं त्यांनी टाळ्या रोलरवालीला वाजवल्या होत्या आणि पाठ मात्र गेंड्याला केलं होतं. हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

यापुढे काय येतं, ते शलाकाला माहीत होतं. तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिचे काटे खळखळ वाजत उभे राहिले.

"सरक!"

आणि मुलांनो, अख्खं जंगल उठलं. बापूसाहेब उठले. मावशी उठल्या. प्राध्यापक तर डोळे मिटलेलेच उठले. सवय म्हणजे सवय. सगळ्या ज्येष्ठांनी उजवीकडे दोन उड्या मारल्या, पाचोळा उडवला, आणि भर उन्हात उभे राहून टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात दुर्वा पिल्लांना तोंडात धरून आत आली. मागोमाग भेकरं आली, मुंगसं आली. बापूसाहेबांची शेपटी मात्र अजून सावलीतच होती. जे झालं, ते तिला सर्वांत उशिरा कळलं. दुर्वानं ती नाकानं हळूच बाहेर ढकलली.

दुपार उतरेपर्यंत पिल्लाचं नाक ओलं झालं.

ज्येष्ठांची दुपार कशी गेली, ते सांगत नाही. त्यांची कातडी बरीच घट्ट झाली.

संध्याकाळी रसिक मंडळाची तातडीची बैठक बसली.

"सिनेमावरच बंदी घाला," मावशी म्हणाल्या. "मी तेव्हाच शेण फेकलं होतं. माझं कुणी ऐकलं नाही."

"आणि त्या कार्टीला हाकलून द्या," बापूसाहेब म्हणाले. ते शेपटीला लेप लावत होते.

प्राध्यापकांनी प्रथमच डोळे पूर्ण उघडले. "चूक. हाकललीत, तर ती रोलरवाली होईल. मग तिच्यावर सिनेमा निघेल. मग तोही आपल्यालाच बघावा लागेल. त्यापेक्षा तिचा सत्कार करा."

"सत्कार?"

"सत्कार झालेलं कुणी पुन्हा उभं राहिलेलं पाहिलंय का तुम्ही?"

बापूसाहेबांनी स्वतःचा विचार केला. त्यांचे अकरा सत्कार झाले होते. मुद्दा त्यांना पटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळी गोड चेहऱ्यानं आली. शलाकाचा जाहीर सत्कार. विषय, 'रोलरवालीचा वारसा'. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. श्रीफळ जळालेलं होतं, पण भावना ताजी होती.

"फक्त एक करावं लागेल," बापूसाहेब दुर्वाला म्हणाले. "मंच सावलीत घालायचाय. वक्ते ज्येष्ठ आहेत, उन्हात कसे बसतील? तेव्हा कार्यक्रम होईपर्यंत जरा बाहेर."

"किती वेळ चालेल?" दुर्वानं विचारलं.

"अगं, तुझ्या मैत्रिणीचाच सत्कार आहे."

दुर्वा पिल्लांना घेऊन बाहेर आली. भेकरं आली, मुंगसं आली. सगळी उन्हात ओळीनं बसली.

आणि शलाका? खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सावलीच्या मधोमध बसली होती. पाठीला गार खोड टेकलं होतं. मावशींनी स्वतः येऊन तिला कुंकू लावलं. "काटे मिटलेस की किती गोड दिसतेस गं," त्या म्हणाल्या. शलाकानं काटे मिटले होते. शाल नीट बसावी म्हणून.

शाल मोठी होती, लोकरीची, काठांची. प्रलयाच्या आधीची. बापूसाहेबांनी ती तिच्या अंगावर घातली आणि भाषणाला उभे राहिले.

"अशा मुली हव्यात! निर्भय! अन्यायापुढे न झुकणाऱ्या!" टाळ्या पडल्या. "काल हिनं काय केलं? काल हिनं चिमुकल्या जिवांना सावली दिली!"

शलाकानं चिमुकल्या जिवांकडे पाहिलं. ते समोरच होते. सूर्य डोक्यावर आला होता. दुर्वाचं अंग हेलकावत होतं. दोन पिल्लं तिच्या पोटाखाली घुसली होती. तिसरं बाहेर राहिलं होतं. त्याचे कान जमिनीला लागले होते आणि भाषणातला एकही शब्द त्या कानांपर्यंत पोचत नव्हता.

"आणि ती सावली," बापूसाहेब म्हणाले, "केवळ सावली नव्हती!"

"प्रतीक होतं," प्राध्यापकांनी बसल्या जागी भर घातली.

शलाका उठली. शाल आवळून धरत मंचावरून उतरली. कुणी थांबवलं नाही. सत्कारमूर्तीला मध्येच लागली असेल, असं सर्वांना वाटलं.

ती सरळ दुर्वाजवळ गेली. पिल्लांकडे पाठ करून उभी राहिली आणि मागे सरकली. मग तिनं काटे उभारले. सगळे. मानेपासून शेपटीपर्यंत. शाल काट्यांवर ताठ चढली, चारी बाजूंनी पसरली, मांडवासारखी मागे झुकली. ठिकठिकाणी तिला भोकं पडली, पण ऊन काही त्यातून फारसं येईना. दुर्वानं तिसरं पिल्लू त्या मांडवाखाली ओढून घेतलं, तेव्हा त्यानं एक कान हलवला. मग दुसरा.

"शाल फाटली!" मावशी किंचाळल्या. "अस्सल लोकर होती हो!"

एका मुंगसानं शालीचं टोक धरून ताणलं. भेकरानं दुसरं धरलं. सावली आणखी थोडी वाढली. कोल्हा म्हणाला, "डावीकडून ओढ रे, इथं पायावर ऊन येतंय." दोघं-चौघं आत बसली. जागा होईना, तेव्हा पाळ्या लावल्या. सर्वांत लहान आधी.

मंचावर बापूसाहेबांचं भाषण चालूच होतं. ते मान वर करून, आभाळाकडे बघत बोलायचे. वक्तृत्वाची तीच रीत असते. निर्भयता झाली. त्याग झाला. तरुण पिढीकडून अपेक्षा झाल्या. शेवटी त्यांनी मान खाली आणली आणि हात पसरला.

"आणि आता सत्कारमूर्ती शलाका आपलं मनोगत व्यक्त करतील!"

खोडाजवळची जागा रिकामी होती. उन्हातून, शालीखालून, हळू आवाज आला.

"जरा हळू बोला, बापूसाहेब. पिल्लं आत्ता कुठे झोपलीत."

तात्पर्य : मुलांनो, थोरामोठ्यांनी अंगावर घातलेली शाल कधीही नाकारू नये. त्यांच्या विचारांची सावली कुणावर पडत नाही. शालीची पडते.